रंगभूषेची पेटी

चित्रपटाचा धंदा स्त्रीवाचून चालत नाही, हे सांगायला कोणा पंडिताची गरज नाही. भिंतीवर लागलेले कोणतेही भित्तिपत्रक पाहावे. नायिकेचा चेहरा त्यावर नायकाच्या बरोबरीने, कित्येकदा त्याहूनही ठळक छापलेला असतो. त्यामुळे या धंद्यात स्त्रीला डावलले जाते असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते सहसा पटत नाही. ज्या व्यवसायाने स्त्रीला घरोघरी पोहोचवले, तिला कीर्ती आणि पैसा दिला, त्याने तिच्यावर अन्याय केला असे कसे म्हणावे? परंतु त्याच चित्रपटाच्या आरंभी किंवा अखेरीस जी लांबलचक नामावळी पडद्यावरून सरकते, ती आपण कधी शांतपणे वाचत नाही. छायालेखक, ध्वनिलेखक, संकलक, कलादिग्दर्शक, रंगभूषाकार अशी ती नामावळी असते. तीत स्त्रीचे नाव किती वेळा येते? आणि येत नसेल, तर का येत नाही?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, स्त्रिया या कामांकडे वळल्याच नाहीत. त्यांना यंत्रांची आवड नाही, रात्रपाळी झेपत नाही, घरसंसार सोडून बाहेरगावी जाता येत नाही. भारतीय चित्रपटाचा इतिहास थोडा उलगडून पाहिला, तर हे उत्तर टिकत नाही. पडद्यामागचे काम स्त्रिया अगदी पहिल्या दिवसापासून करीत आल्या आहेत. त्यांना मिळाले नाही ते त्या कामाचे पद, त्या पदावरचे नाव आणि ते नाव हक्काने मागण्याचा अधिकार. काम आणि अधिकार यांची ही फारकत कशी पडत गेली आणि ती मोडण्याचे प्रयत्न कोणी केले, याचा हा थोडक्यात आढावा आहे.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षकांपुढे आला. त्यात तारामतीची भूमिका एका पुरुषाने केली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दादासाहेबांनी स्त्री-नटीसाठी पुष्कळ शोध केला. ज्यांना समाजाने आधीच वाळीत टाकले होते त्या वस्तीतल्या बायकांनीसुद्धा नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारा अण्णा साळुंके नावाचा सडपातळ तरुण त्यांच्या नजरेस पडला आणि तारामती सापडली, अशी ती कथा आहे. मराठी रंगभूमीवर त्या काळी पुरुषच लुगडे नेसून उभे राहत, त्यामुळे प्रेक्षकांनाही यात काही वावगे वाटले नाही. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. स्त्री मिळाली नाही म्हणून पुरुषाच्या चेहऱ्यावर रंग चढवून त्याची स्त्री करावी लागली, अशी ही आपल्या चित्रपटसृष्टीची सुरुवात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शंभर वर्षांनंतर तिचेच एक विलक्षण रूप आपल्याला पाहायचे आहे.

पण या पहिल्या चित्रपटात स्त्री नव्हती, असे म्हणणे मात्र साफ चुकीचे होईल. ती पडद्यावर नव्हती, इतकेच. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई या त्या उद्योगाच्या पहिल्या कामगार होत्या. विलायतेहून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती पाडण्याचे नाजूक काम अंधारात बसून त्यांनी केले. चित्रीकरणाच्या वेळी सूर्यप्रकाश नटांच्या तोंडावर परतवण्यासाठी पांढरी चादर धरून त्या तासन्तास उन्हात उभ्या राहत. रसायने मिसळणे त्यांनी शिकून घेतले. साठ-सत्तर माणसांच्या मंडळीचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता आणि भांडवल कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांचेच गेले. आजच्या परिभाषेत बोलायचे तर तंत्रसाहाय्य, प्रकाशयोजना, रसायनशाळा, भोजनव्यवस्था आणि वित्तपुरवठा अशी पाच खाती एका बाईने सांभाळली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही सगळी गृहिणीची कर्तव्ये होती. नवऱ्याच्या व्यवसायात बायकोने हात लावणे हे काम मानले जात नसे, म्हणून त्याला नाव नव्हते, आणि नाव नव्हते म्हणून मोबदल्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पडद्यावर स्त्री यायला मात्र फार काळ लागला नाही. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत यांनी पार्वतीची आणि त्यांची कन्या कमला हिने मोहिनीची भूमिका केली. या कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या आणि चंद्रकांत गोखले व विक्रम गोखले यांच्या रूपाने त्या घराने मराठी अभिनयाला तीन पिढ्या दिल्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्ण उभा केला. दार उघडले, ते असे घरातून आणि रंगभूमीवरून.

एवढ्यावरच स्त्रिया थांबल्या नाहीत. उर्दू रंगभूमीवरून आलेल्या फातमा बेगम यांनी १९२२ च्या ‘वीर अभिमन्यु’मध्ये काम केले आणि अवघ्या चार वर्षांत, १९२६ साली, स्वतःची चित्रसंस्था काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे १९३१ साली ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची नायिका झालेली जुबेदा ही त्यांचीच मुलगी. मुलीचे नाव चित्रपटाचा इतिहास जाणणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. आईने दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मूकपटांपैकी बहुसंख्य असेच नष्ट झाले, हे खरे. पण पुरुष दिग्दर्शकांचे चित्रपट नष्ट झाले तरी त्यांची परंपरा उरली. त्यांच्या हाताखाली उमेदवारी केलेले शिष्य उरले. फातमा बेगमच्या मागून अशी शिष्यपरंपरा निर्माण झाली नाही.

या ‘उमेदवारी’ शब्दापाशी थोडे थांबणे जरूर आहे, कारण विषमतेचे एक मोठे मूळ तेथे आहे. त्या काळी चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा नव्हती. कॅमेरा शिकायचा तर कॅमेरामनच्या हाताखाली राहायचे, त्याची पेटी उचलायची, भिंगे पुसायची, आणि पाच-दहा वर्षांनी त्याची मर्जी असली तर कॅमेऱ्याला हात लावायचा. सुतारकी, लोहारकी जशी बापाकडून मुलाकडे जाते, तशी ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. उस्तादाने मुलीला शागीर्द करावे, तिने त्याच्याबरोबर रात्री-अपरात्री स्टुडिओत थांबावे, ही गोष्ट त्या समाजात सुचण्याजोगी नव्हती. तिला कोणी उघडपणे नाही म्हटले नाही; तशी वेळच आली नाही. लेखी मनाई नसताना जो मज्जाव चालतो, तो मोडायला फार कठीण असतो, कारण तो कोणी घातला हेच सांगता येत नाही.

संगीताच्या दालनात स्त्रीला प्रवेश मिळाला, कारण गाणे ती घरून शिकून येत असे. पण तेथेही नावाची अडचण उभी राहिली. मुंबईच्या पारशी समाजातील खुर्शीद आणि माणेक मिनोचर-होमजी या भगिनी नभोवाणीवर गाऊन लोकप्रिय झाल्या होत्या. हिमांशु राय यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये त्या दाखल झाल्या. १९३५ च्या ‘जवानी की हवा’ या चित्रपटाचे संगीत खुर्शीदने दिले, माणेकने त्यात भूमिका केली, आणि पारशी समाजात केवढे वादळ उठले! कुलीन घरच्या मुली सिनेमात गेल्या म्हणून प्रदर्शनाला विरोध झाला. तोड अशी निघाली की खुर्शीदची सरस्वतीदेवी झाली आणि माणेकची चंद्रप्रभा. १९३६ च्या ‘अछूत कन्या’चे संगीत याच सरस्वतीदेवींचे. अस्पृश्यतेचा प्रश्न मांडणाऱ्या चित्रपटाला संगीत देणाऱ्या स्त्रीला स्वतःचे नाव झाकून ठेवावे लागले, यातला विरोधाभास वेगळा सांगायला नको. त्याच सुमारास जद्दनबाई यांनी ‘तलाश-ए-हक’ला संगीत दिले आणि स्वतःची चित्रसंस्थाही चालवली.

पुढे १९६० नंतरच्या काळात भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ या मराठी चित्रपटांच्या नामावळीत ‘आनंदघन’ असे संगीतकाराचे नाव झळकू लागले. हा आनंदघन कोण, याचे प्रेक्षकांना मोठे कुतूहल होते. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्या निमित्ताने आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे उघड झाले. टोपणनाव घेण्यामागे त्यांची कारणे वेगळी असतील. त्यावरून ओढूनताणून निष्कर्ष काढू नये. तरीही एवढे नमूद करावेसे वाटते की, भारतातील सर्वांत विख्यात गायिकेच्या गाण्याला तिच्या नावाची आवश्यकता होती, पण तिच्या संगीतरचना त्या नावाखेरीज लोकांपुढे आल्या. ‘आनंदघन’ पुरुष असणार, हे बहुतेकांनी न सांगताच गृहीत धरले होते.

नावाहून कठीण प्रश्न कराराचा. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये विजोड विवाहाविरुद्ध बंड करणारी नीरा शांता आपटे यांनी साकार केली आणि त्या एका भूमिकेने सारा देश हलवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, प्रभात कंपनीशी करारासंबंधी वाद झाला तेव्हा त्याच शांता आपटे पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वृत्तपत्रांना तो चमत्कारिक प्रकार वाटला. चित्रपटातील नायिकेने बंड केले तर टाळ्या पडत. बाहेर तिने आपल्या करारातील कलमांविषयी तंटा केला की तो तिचा लहरीपणा ठरे. शांताबाईंनी प्रभात सोडली आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचे पुस्तक लिहिले. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या मुलींना या धंद्याचे खरे स्वरूप समजावे, पैसा कोणाचा, श्रम कोणाचे आणि नफा कोणाचा हे कळावे, हा त्या पुस्तकाचा हेतू. चित्रपटातील श्रमाच्या प्रश्नावर एका नटीने मराठीत, स्वतःच्या लेखणीने, इतक्या आधी लिहावे, ही आपल्या भाषेला भूषणावह गोष्ट आहे. दुर्दैवाने ‘कुंकू’ पाहणाऱ्यांच्या मानाने ते पुस्तक वाचणारे फारच थोडे निघाले.

देविकाराणींचे उदाहरण याच्या उलट म्हणून पुढे केले जाते. १९४० साली हिमांशु राय वारले आणि बॉम्बे टॉकीजची सूत्रे देविकाराणींच्या हाती आली. एवढी मोठी चित्रसंस्था एक स्त्री चालवीत होती. परंतु संस्थेत तट पडले, प्रमुख मंडळी बाहेर पडून त्यांनी १९४३ साली फिल्मिस्तान काढली आणि १९४५ साली देविकाराणींनी चित्रपटाचा निरोप घेतला. पुढे केंद्र सरकारने फाळक्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला, तेव्हा १९६९ सालचा पहिला मान त्यांनाच मिळाला. व्यक्तीचा सन्मान झाला, पण त्या खुर्चीवर पुन्हा स्त्री बसेल अशी व्यवस्था कोठेच निर्माण झाली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास जुन्या चित्रसंस्था मोडकळीस आल्या. महिन्याच्या महिन्याला पगार देणाऱ्या संस्था जाऊन चित्रपटागणिक माणसे गोळा करण्याची पद्धत आली. जो तो मोकळा आणि जो तो असुरक्षित! या अनिश्चिततेपासून संरक्षण मिळावे म्हणून तंत्रज्ञांनी आणि कामगारांनी आपापल्या संघटना उभारल्या. त्यांचा हेतू रास्त होता. वेतन बुडवणाऱ्या निर्मात्यापुढे एकटा कामगार काय करणार? संघटनेचे ओळखपत्र हे त्याचे कवच होते. परंतु जे ओळखपत्र आतल्याला कवच असते, तेच बाहेरच्याला कुंपण होते. ज्याच्याजवळ ते नाही त्याने स्टुडिओत काम करायचे नाही, असा दंडक पडला. उमेदवारीच्या काळात जो मज्जाव अलिखित होता, तो आता काही ठिकाणी लेखी झाला.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण रंगभूषेचे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांची एक संघटना आहे. तिची नोंदणी १९२६ च्या श्रमिक संघ कायद्याखाली झालेली. तिच्या नियमांत अशी वाटणी होती की, रंगभूषाकाराचे ओळखपत्र पुरुषाला आणि केशभूषाकाराचे स्त्रीला. म्हणजे नायिकेची वेणी बाईने घालावी, पण तिच्या गालाला रंग लावायचा तर पुरुष हवा. ही प्रथा थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ साठ वर्षे चालली. ज्या स्त्रियांना हे काम येत होते, त्यांना ते उघडपणे करण्याची सोय उरली नाही.

याच काळातली दुसरी एक घटना तिच्या शेजारी ठेवून पाहावी. कोल्हापूरला १९२९ साली जन्मलेल्या भानू राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैय्या, यांनी १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून वेशभूषाकार म्हणून नाव मिळवले. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला, तो १९८३ साली. ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती हीच. ती पडद्यावरची नटी नव्हती, दिग्दर्शकही नव्हती; पडद्यामागे कापड, रंग आणि इतिहास यांचा अभ्यास करणारी कोल्हापूरची एक चित्रकार होती. आता हे पाहा: वेशभूषा आणि रंगभूषा यांच्या खोल्या स्टुडिओत शेजारीशेजारी असतात. एका खोलीतल्या स्त्रीने देशाला त्याचे पहिले ऑस्कर आणून दिले, त्या वर्षीही दुसऱ्या खोलीत स्त्रीला रंगाच्या पेटीला अधिकृतपणे हात लावता येत नव्हता. स्त्रीच्या अंगी कौशल्य नाही म्हणून नियम झाला, हे म्हणणे यानंतर कोणत्या तोंडाने करावे?

सरकारी कचेरीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला नियमांचा एक स्वभाव परिचयाचा असतो. नियम ज्या कारणासाठी झाला ते कारण विसरले जाते, नियम मात्र राहतो. आणि पुढे त्या नियमाचे समर्थन करायला नवी कारणे शोधली जातात. रंगभूषेच्या या नियमाचे समर्थन असे केले जाई की, त्यामुळे स्त्री आणि पुरुष दोघांनाही काम मिळते; स्त्रियांना रंगभूषेत येऊ दिले तर नट्या त्यांनाच बोलावतील आणि पुरुषांची पोटे मारली जातील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची भीती खरीच असते. पण त्या युक्तिवादातच एक कबुली दडलेली आहे. स्त्री हे काम करू शकत नाही असे तो म्हणत नाही; ती करू लागली तर चांगले करील आणि तिला मागणी येईल, असे तो म्हणतो. पुरुषाच्या उपजीविकेची किंमत स्त्रीच्या उपजीविकेतून वसूल करावी, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

लॉस एंजेलिसला रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेऊन आलेल्या चारू खुराणा यांनी या संघटनेकडे रंगभूषाकाराचे सदस्यत्व मागितले. ते नाकारले गेले. स्त्री असणे ही एक अडचण, आणि महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य नसणे ही दुसरी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणीत न्यायमूर्तींनी हे १९३५ साल नसून २०१४ आहे, असे संघटनेला सुनावले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. समता, व्यवसायाचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क या संविधानातील हमींशी हे नियम विसंगत ठरवून न्यायालयाने ते रद्द केले. वास्तव्याची अटही त्याबरोबर गेली. श्रमिक संघाचे सदस्यत्व ज्या कायद्याने मिळते, त्या कायद्यात स्त्री-पुरुष असा भेद नाही. मग त्या कायद्याखाली नोंदलेल्या संघटनेला तो करता येणार नाही, हे निर्णयाचे सूत्र होते.

१९१३ साली स्त्री मिळाली नाही म्हणून पुरुषाला रंग लावून तारामती करावे लागले. एकशे एक वर्षांनी, रंग लावता येणारी स्त्री दाराशी उभी असताना, तिने तो लावावा की नाही हे ठरवायला सर्वोच्च न्यायालय लागले. मधल्या शतकात पडदा बोलू लागला, रंगीत झाला; स्त्रीसंबंधीची दृष्टी मात्र त्या वेगाने बदलली नाही.

न्यायालयाने दार उघडले तरी आत वावरण्याजोगी जागा आहे का, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर केरळातून आले. त्या प्रांताचा चित्रपटाशी आलेला पहिलाच संबंध एका स्त्रीच्या दुःखाने डागाळलेला आहे. १९३० च्या सुमारास आलेल्या ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळी मूकपटात पी. के. रोझी या दलित तरुणीने उच्चवर्णीय स्त्रीची भूमिका केली, म्हणून प्रेक्षक खवळले आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. त्या केरळात फेब्रुवारी २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर अत्याचार झाला. या वेळी मात्र तिच्या सहकारी स्त्रिया गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ ही संघटना उभारली आणि सरकारकडे चौकशीची मागणी केली. निवृत्त न्यायाधीश के. हेमा यांच्या अध्यक्षतेखाली त्याच वर्षी समिती नेमली गेली; अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सला कुमारी या तिच्या सदस्य. अहवाल २०१९ च्या अखेरीस सादर झाला, पण तो काही मजकूर वगळून लोकांसमोर आला १९ ऑगस्ट २०२४ रोजी. मधली साडेचार वर्षे तो कपाटात होता.

चित्रपटासंबंधीच्या समित्या आपल्याकडे नव्या नाहीत. १९२७ साली टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली इंग्रज सरकारने जी समिती नेमली, तिच्या सर्व सदस्यांत एकही स्त्री नव्हती. स्त्रियांविषयी त्या काळी मोठी चिंता होती ती ही की, ‘प्रतिष्ठित’ घरच्या बायका या धंद्यात येत नाहीत. नव्वद वर्षांनी नेमलेल्या हेमा समितीत तिन्ही सदस्य स्त्रिया होत्या, आणि प्रश्नच बदलला. आलेल्या स्त्रीला येथे कसे वागवले जाते, असे तिने विचारले. नट्याच नव्हे, तर केशभूषा करणाऱ्या, नृत्य करणाऱ्या, गर्दीत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांकडे तिने लक्ष दिले. लेखी करार नाही, पुरुषाच्या बरोबरीने मोबदला नाही, आणि लैंगिक छळाविरुद्ध तक्रार केली तर पुन्हा काम नाही, हे अहवालाने नोंदले. पण त्यातली एक बाब मला सर्वांत बोलकी वाटते. चित्रीकरणाच्या ठिकाणी स्वच्छतागृहे नसल्याने स्त्रिया दिवसदिवस पाणी पिण्याचे टाळतात आणि त्यातून त्यांना आजार जडतात. देशाने १९७६ साली समान वेतनाचा कायदा केला, १९८१ साली चित्रपट-कामगारांशी लेखी करार करण्याचा कायदा केला, २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला. एवढे कायदे पुस्तकात असताना स्त्रीला तहान मारून काम करावे लागत असेल, तर उणीव कायद्याची नाही. तो पाळला जातो की नाही हे पाहणाऱ्याची आहे. त्या पाहणाऱ्यांत आम्हा शासकीय सेवकांचाही समावेश होतो.

या कथेत आशेला जागा नाही, असे मात्र नाही. १९६० साली पुण्यात सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली आणि उस्तादाच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या परीक्षा देऊन मिळू लागली. या एका फरकाने जे साधले, ते उपदेशाने साधले नसते. याच संस्थेत संकलन शिकलेल्या रेणू सलुजा यांनी ‘परिंदा’पासून ‘गॉडमदर’पर्यंत चार राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. दक्षिणेत बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ च्या ‘चिन्न वीडु’चे छायालेखन स्वतंत्रपणे केले, स्त्रीला कॅमेरा पेलत नाही ही समजूत तेथे निकालात निघाली. सई परांजपे, अपर्णा सेन, विजया मेहता, सुमित्रा भावे यांनी दिग्दर्शनात आपापली वाट पाडली. आणि २०२४ साली पुण्याच्या त्याच संस्थेत शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तब्बल तीस वर्षांनी पोहोचला होता.

ही पुण्याची संस्था जेथे उभी आहे, ती जागा पूर्वी प्रभात कंपनीची होती. ज्या फाटकाशी शांता आपटे १९३९ साली उपाशी बसल्या, त्या आवारात पुढे मुली संकलन, छायालेखन आणि दिग्दर्शन शिकल्या. त्या मुलींना प्रवेश मिळाला तो कोणाच्या औदार्याने नव्हे, तर परीक्षेत उत्तीर्ण होऊन. शांताबाईंनी मागितले होते तेही औदार्य नव्हते. लिहून दिलेल्या कराराचा न्याय्य अर्थ त्यांना हवा होता.

चित्रपटव्यवसायातील स्त्रीविषयी बोलताना आपण बहुधा दोनच गोष्टी करतो. तिच्या यशाची आरती ओवाळतो किंवा तिच्या दुःखाबद्दल हळहळतो. या इतिहासातून मिळणारा धडा याहून साधा आणि व्यवहारी आहे. जेथे जेथे स्थिती सुधारली, तेथे तेथे काहीतरी लेखी बदलले: प्रवेशाचा नियम, सदस्यत्वाचे कलम, चौकशीचा आदेश. आणि हे लेखी बदल कोणी आपण होऊन केले नाहीत. कोणीतरी स्त्री फाटकाशी बसली, कोणी न्यायालयात गेली, कोणी संघटना उभारली, तेव्हा ते झाले. पुढच्या वेळी चित्रपट संपल्यावर नामावळी सरकू लागली, तर जागेवरून उठण्याची घाई करू नये. ती वाचावी. सरस्वतीबाई फाळक्यांनी धरलेल्या चादरीची नोंद त्यांच्या काळी कोणत्याच नामावळीत झाली नाही. आज ती चादर धरणारी जी कोणी असेल, तिचे नाव तेथे आहे का, एवढे तरी पाहावे.